खेळ चालू, मोटर बंद

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. सगळे म्हणजे दोघंच, आई आणि दादा. आता दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर बसून 'पत्ता पूर्ण लिहा हो, आम्हाला स्वप्न पडत नाही' असं शंभर जणांना सांगितलं की देवमाणसाच्याही नाकावर राग येईल. पण त्या शनिवारी मी धुसफुसत होते त्याला पोस्ट कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता टेम्पो येणार होता आणि आईचं शिलाई मशीन घेऊन जाणार होता. दादानं ते ठरवलं होतं, आईनं मान डोलावली होती, आणि मी, जिला खरं काय ते माहीत होतं, मूग गिळून गप्प बसले होते.

आमची आई टेलर आहे. गल्लीत तिला टेलरकाकूच म्हणतात, नाव कुणाला विचारलं तर डोकं खाजवतील. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन, उजव्या हाताला खुंटीवर कात्री आणि टेप, पायाशी चिंध्यांचं पोतं. तिच्या तोंडात कायम दोन टाचण्या असतात आणि त्या न काढता ती सगळं बोलते, अगदी रागावतेसुद्धा. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर लावणं, शाळेचे गणवेश, पडदे, गाडीच्या सीटची कव्हरं, तिनं काय म्हणून शिवलं नाही! कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या आजोबांच्या कमरेचं माप घेताना ती एकदा म्हणाली होती, "आजोबा, माझी टेप संपली, तुम्ही अजून शिल्लक आहात." आजोबा आठवडाभर गिऱ्हाइकांना तो विनोद सांगत होते, आणि तेव्हापासून ते दुसऱ्या टेलरकडे गेलेले नाहीत.

आता ती अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा गेला आहे. गेला म्हणजे अगदीच गेला. जिना एकेक पायरी करून, खुर्चीतून उठताना आधी टेबलाला हात. ती मोटरवर शिवते, मोटरची कळ डाव्या पायानं दाबते आणि उजवा पाय एका उलट्या डब्यावर ठेवते. डॉक्टर म्हणाले, वय आहे, वजन आहे, जिने आहेत, आणि काय हो, पायानं मशीन खूप चालवलंत का? आई म्हणाली, "चालवलं थोडं." मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

ते 'थोडं' डॉक्टरांकडून दादापर्यंत पोचलं. दादा पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात राहतो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. माणूस वाईट नाही. दर रविवारी फोन करतो, औषधं संपायच्या आत पाठवतो. पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय आहे त्याला. "त्या मशीननं तिचा गुडघा खाल्लाय," तो मला म्हणाला, "ते समोर असेल तोवर ती बसणारच. जुन्या मशिनी घेऊन मुलींना शिवण शिकवणारी एक संस्था आहे, मी बोललोय त्यांच्याशी. शनिवारी मी येतो, रविवारी टेम्पो येईल." मग आईशी बोलला. आई म्हणाली, "बरं." एवढंच. फोन ठेवला आणि मशीनवरचं कापड सरळ केलं.

"अगं बरं काय बरं?" मी ओरडलेच. "तू काय करणार आहेस दिवसभर? भिंती मोजणार?"

"तो माझ्या काळजीनंच करतोय ना," आई टाचण्यांमधून म्हणाली. "आणि मी नाही म्हटलं तर तो विचारेल, पायानं एवढं का चालवलंस म्हणून. काय सांगू?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण मला ते लागलंच. चोराच्या मनात चांदणं. कारण पायानं का चालवलं, हे जगात दोघींनाच माहीत होतं आणि त्यातली एक मी होते.

आता ते सांगते.

आमचे बाबा ट्रक चालवायचे. एकदा लांबच्या फेरीवरून येताना त्यांनी खोक्यातून व्हिडिओ गेम आणला, कुणाचा तरी वापरलेला. पिवळट पांढरा डबा, दोन रिमोट, आणि रिमोटच्या वायरी इतक्या आखूड की टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसावं लागायचं. कॅसेट एकच. लागली नाही की ती काढायची, खालून फू करून फुंकायची आणि परत ठोकायची. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तरी ज्याच्या घरी असा डबा होता तो प्रत्येक पोरगा फुंकायचाच.

त्या कॅसेटमध्ये एक बुटका माणूस होता, हातात कंदील. आम्ही त्याला कंदीलवाला म्हणायचो. डोंगराच्या पोटात बत्तीस खोल्या, एकीवर एक, आणि त्यानं खालच्या खोलीतून निघून डोंगराच्या माथ्यावर पोचायचं. वाटेत वटवाघळं, पडणारे दगड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कंदिलातलं तेल. दर खोलीत तेलाचा बुधला शोधायचा, नाही सापडला तर हळूहळू पडदा काळा होत जायचा आणि कंदीलवाला मटकन खाली बसायचा. मध्ये थोडा वेळ थांबवता यायचं, पण डबा बंद झाला की सगळं गेलं. परत पहिली खोली. बाबांना सातवीच्या पुढे कधी जाता आलं नाही. हरले की रिमोट उलटासुलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "याचं डावीकडचं बटण बिघडलंय." आई मशीनवरून म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि आम्ही दोघं लोळून हसायचो.

तो डबा आल्यानंतर आठव्या महिन्यात बाबा गेले. रस्त्यावर, ट्रकमध्येच. दादा बारा वर्षांचा, मी नऊ.

आई रडली, मी रडले. दादा रडलाही नाही आणि बोललाही नाही. शाळेत जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. हो-नाही सुद्धा मानेनं. सात आठवडे आमच्या घरात त्याचा आवाज नव्हता. शाळेच्या बाईंनी बोलावून विचारलं. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. आईनं वेळ दिला, पण ती कापड कापताना मध्येच थांबून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि एकदा तर तिनं गणवेशाची बाही चुकीची कापली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

मग एका संध्याकाळी मीच डबा काढला. मला कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. मी एकटी खेळत होते आणि चौथ्या खोलीत तेल संपत आलं होतं. दादा मागे भिंतीला टेकून बसलेला. आणि एकदम तो ओरडला, "अगं डावीकडे! डावीकडे बुधला आहे, आंधळी आहेस का?"

मशीन थांबलं. पदार्थ करपल्यासारखी आई ताडकन उठली आणि मशीनपाशीच उभी राहिली. तिनं तोंडावर हात धरला होता. दादानं माझ्या हातातला रिमोट ओढून घेतला. त्या दिवशी त्यानं मला 'आंधळी', 'ढब्बू' आणि 'फटाकडी' अशा तीन शिव्या दिल्या, आणि तिसरी माझं घरातलं नावच होऊन बसली. मला एकाही शिवीचा राग आला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो शाळेतून आला की डबा लागायचा आणि त्याचं तोंड सुरू व्हायचं. कंदीलवाल्याशी बोलायचा, वटवाघळांना शिव्या द्यायचा, मला शिकवायचा. आणि खेळताना म्हणून जे बोलायचा त्यातून हळूहळू बाकीचंही बोलायला लागला. शाळेत काय झालं, भूक लागली, सर कसे चालतात. बाबांचं नावसुद्धा त्यानं पहिल्यांदा तिथेच घेतलं. सातवी खोली ओलांडताना म्हणाला, "बाबा इथे अडकायचे." आणि पुढे खेळत राहिला.

पण अडचण होती. घराच्या पुढच्या खोलीत विजेचा बोर्ड एकच, टीव्ही आणि मशीनच्या मधोमध. टीव्ही, डबा आणि आईच्या मशीनची मोटर, तिन्हींची वायर त्यातच. आईनं मोटर सुरू केली की पडद्यावर रेघा यायच्या. जाड कापडावर तिनं जोरात दाबली की वीज क्षणभर कमी व्हायची, आणि तेवढ्यानं डबा बंद होऊन परत सुरू व्हायचा. पहिली खोली.

दोन-चारदा असं लहानसहान झालं, दादानं सोसलं. मग एक दिवस तो एकोणतिसाव्या खोलीत पोचला. अडीच तास लागले होते. मी शेजारी बसून बोटं मोडत होते. आईला एका शाळेच्या चाळीस पँटी द्यायच्या होत्या, त्या दोन दिवसांवर आल्या होत्या, आणि तिनं कमरेची जाड पट्टी सुईखाली घेतली. मोटर घुर्र झाली. पडदा काळा झाला, आणि मग ते सुरुवातीचं गाणं वाजायला लागलं.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं रिमोट खाली ठेवला, आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा पडला. त्या दिवशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईजवळ गेले. ती काजं करत होती. मी म्हणाले, "आई, दादा खेळत असला की मोटर लावू नकोस ना. पायानं चालव. नाहीतर तो परत बोलायचा बंद होईल."

आई म्हणाली, "चाळीस पँटी आहेत गं."

मी रडले. भोकाड पसरलं. आणि आज एवढ्या वर्षांनी खरं सांगते, मी सगळी काही दादासाठी रडत नव्हते. मला पण तिसावी खोली बघायची होती.

आईनं डोळे मिटले, उघडले. मग मोटरचा रबरी पट्टा चाकावरून काढला, खुंटीवरचा जुना चामड्याचा पट्टा घेतला आणि खालच्या मोठ्या चाकाला चढवला. मोटरची वायर बोर्डातून उपटली. "जा, सांग त्याला डबा लावायला," ती म्हणाली. "पण हे त्याला सांगायचं नाही हं. त्याला वाटेल, आपल्यामुळे आईला त्रास. अळीमिळी गुपचिळी."

मी तोंडाला कुलूप लावल्याची खूण केली आणि पळाले.

चार वर्षं. रोज संध्याकाळी पाच ते आठ, दादा शाळा संपवून शिकायला दुसऱ्या गावी जाईपर्यंत. पाच वाजले की आई न बघता पट्टे बदलायची आणि पायडल मारायला लागायची. चाळीस पँटी काय, पुढे एका वर्षी दीडशे गणवेश तिनं तसेच उचलले. दादाला कळलं नाही. तो टीव्हीकडे तोंड करून बसायचा आणि मशीन त्याच्या पाठीमागे. खेळात बुडालेल्या पोराला घराला आग लागली तरी कळायची नाही. पण आवाज त्याच्या कानात राहिला, आणि तीच तर गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणायची तर.

गेली दोन-तीन वर्षं दादाला त्या दिवसांचं वेड लागलं होतं. जुने डबे गोळा करणाऱ्या, टकलं पडलेल्या माणसांशी त्याची दोस्ती झाली होती. अगदी आमच्यासारखाच डबा त्यानं कुठूनतरी मिळवला, उघडून साफ केला, आणि कंदीलवाल्याची कॅसेटही शोधून काढली. दर रविवारी फोनवर तेच. "आणि मागून आईच्या मशीनचं ते खटक-खटक, खटक-खटक," तो म्हणायचा. "डोळे मिटले की अजून ऐकू येतं बघ. आयुष्यात तेवढं सुख मला परत मिळालं नाही, फटाकडे."

मी म्हणायचे, "हं." दुसरं काय म्हणणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

तर तो शनिवार. दुपारी तीन वाजता दादा आला. एका खांद्यावर बॅग, बॅगेत तो खेळाचा डबा, दोन्ही हातांत एक जुना जाडजूड टीव्ही, कारण त्या डब्याची वायर नवीन टीव्हीला लागत नाही म्हणे. आईच्या गुडघ्याकडे वाकून बघितलं, "पाय कसा आहे?" आई म्हणाली, "पायासारखा." चहा झाला. तो भांडी ठेवायला स्वयंपाकघरात आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"मशीन नेऊन तू तिला काय देणार आहेस त्या जागी?"

"गुडघा," तो म्हणाला. "जेवढा उरलाय तेवढा. तुला दिसत नाही का? तू रोज बघतेस तिला. तुला काहीच वाटत नाही?"

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. कुणामुळे, कशामुळे, किती वर्षं. पण ते सगळं माझ्या नावापासून सुरू होत होतं. मी बशी इतक्या जोरात आपटली की तिचा टवका उडाला.

बाहेर आई बेकरीवाल्या आजोबांचा कोट घेऊन बसली होती. अस्तर फाटलेलं, दोन्ही खिसे गळालेले. "टेम्पो यायच्या आत एवढं पुरं करते," ती म्हणाली. "अर्धं काम मशीनवर ठेवून मी ते देणार नाही." मोटर चालू होती, घुर्र-घुर्र. उजवा पाय त्या उलट्या डब्यावर.

दादानं जुना टीव्ही अगदी जुन्या जागी मांडला. वायर आखूड, म्हणून त्याच बोर्डात लावली, मोटरच्या शेजारी. कॅसेट हातात घेतली आणि सवयीनं तोंडाशी नेली, मग हसून थांबला. "फुंकायचं नसतं म्हणे," तो मला म्हणाला. "तोंडातली वाफ लागून आतलं पितळ गंजतं. आपणच वाट लावत होतो आणि आपल्याला वाटायचं आपण नीट करतोय." त्यानं एका फडक्यानं कॅसेट पुसली आणि बसवली. "ये, बस. दुसरा रिमोट तुझा."

मी बसले. काय करणार? त्यानं बटण दाबलं आणि ते सुरुवातीचं गाणं वाजलं.

मागे मोटर थांबली.

मी वळून बघितलं. आईची मान कोटावरच होती. तिच्या डाव्या हातानं रबरी पट्टा काढला, उजव्या हातानं मोटरची वायर उपटली, मग तोच हात खुंटीकडे गेला आणि चामड्याचा पट्टा घेऊन खाली वाकला. तिनं एकदाही वर बघितलं नाही. उलट्या डब्यावरचा उजवा पाय उचलून तिनं पायडलवर ठेवला.

खटक-खटक. खटक-खटक.

"अहाहा!" दादा म्हणाला. तो टीव्हीकडेच बघत होता. "हाच! हाच तो आवाज. आई, माझ्यासाठी केलंस ना? मी फोनवर सांगतो म्हणून?"

खटक-खटक. आणि मग श्वास दातांतून आत ओढल्याचा आवाज आला, आणि मशीन अडखळलं. परत खटक. परत तो श्वास.

दादानं खेळ थांबवला आणि मान वळवली. आईच्या कपाळावर घाम होता. तिनं टेबलाची कड धरली होती आणि पाय तरी खालीवर करतच होती.

"आई! अगं पायानं काय चालवतेस? मोटर बिघडली का?"

"नाही रे, बरी आहे." टाचण्या तोंडात होत्या. "तू खेळ. तू वर पोचलास की मग लावते मोटर. नाहीतर तुझा खेळ जाईल."

तिनं ते इतकं साधेपणानं सांगितलं, जशी ती 'दूध उतू जाईल' म्हणते तसं. मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो. तिचा पाय थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं.

दादाही माझ्याकडे बघत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे तो, कुठली तार कुठे जाते हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. त्याची नजर बोर्डावर गेली, लोंबणाऱ्या वायरीवर गेली, चामड्याच्या पट्ट्यावर गेली. "म्हणजे तेव्हा," तो म्हणाला, "ते शेवटचं गेलं होतं. एकोणतिसाव्या खोलीत. त्यानंतर कधीच गेलं नाही. मला वाटलं मोटर दुरुस्त करून आणली." त्याचा आवाज बारीक झाला. "किती वर्षं?"

"तू खेळ ना बाबा," आई म्हणाली.

"चार," मी म्हणाले. "रोज पाच ते आठ. आणि तिच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी सांगितलं होतं तिला. मी रडून हट्ट केला. तू परत मुका होशील म्हणून, आणि मला पण खेळायचं होतं म्हणून. तिच्या गुडघ्याला मशीननं नाही खाल्लं. मी खाल्लं."

बोलून झाल्यावर मला वाटलं तो ओरडेल. मी तयारीतच होते, माझंही तोंड काही कमी नाही. पण तो म्हणाला, "तू नऊ वर्षांची होतीस गं."

"आणि तू बारा," मी म्हणाले.

"आणि मी बत्तीसची होते." आईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. माझ्या आठवणीत बोलण्यासाठी तिनं टाचण्या काढल्याचा हा पहिलाच प्रसंग. "तुम्ही दोघं स्वतःला फार शहाणे समजता. नऊ वर्षांच्या पोरीनं भोकाड पसरलं म्हणून कुणी चार वर्षं पायडल मारतं का? मला मारायचं होतं. घरात माणूस गेलं होतं, आणि या कोपऱ्यात तुम्ही दोघं भांडत होतात, ओरडत होतात, हसत होतात. तो आवाज पाठीमागे असला की माझा हात चालायचा. नाहीतर मी सुई कुठे आणि कापड कुठे अशी बसले असते. तुमचं काय ते सुख तुम्ही त्या डब्यात बघत होतात. मी इथे बसून ऐकत होते. गुडघा काय, तो कशानंही गेलाच असता."

टीव्हीवर थांबलेला खेळ लुकलुकत होता.

"आणि आता बोलायलाच लागलेय तर हेही सांगते," आई म्हणाली. "मला मशीन द्यायचं नाही. मी बरं म्हटलं, ते खोटं होतं. मी डाव्या पायानं शिवीन, हातानं चाक फिरवून शिवीन, पण मला इथून उठवू नकोस. तुझे बाबा गेले तेव्हा मी याच्यावरच बसले होते, आणि तू परत बोललास तेव्हाही याच्यावरच."

दादा उठला. माझ्या हातून चुकून रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि कंदीलवाला चालू झाला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दादा आईपुढे जमिनीवर बसला. तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी पायडलवरून उचलला आणि उलट्या डब्यावर ठेवला, आणि हात तसाच तिच्या गुडघ्यावर ठेवून कितीतरी वेळ खाली बघत राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, त्याचे खांदे हलत होते. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता. आईनं त्याच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाली, "केस कुठे गेले रे तुझे?" त्यावर तो रडता रडता हसला आणि त्याला ठसका लागला.

मग त्यानं चामड्याचा पट्टा काढला, रबरी चढवला, आणि मोटरची वायर घेऊन त्याच बोर्डात लावली.

"लाव," तो म्हणाला.

"अरे, खेळ जाईल."

"जाऊ दे."

आईनं अस्तराची जाड शिवण सुईखाली घेतली आणि डाव्या पायानं कळ दाबली. घुर्र. तिनं लगेच टीव्हीकडे बघितलं. चित्र हललंसुद्धा नाही. एक रेघ आली नाही.

"अगंबाई," ती म्हणाली, "गेला नाही?"

"नाही जायचा," दादा म्हणाला. "घरातली सगळी वायरिंग मीच बदलून घेतली ना. पंधरा वर्षं झाली."

त्यानं खिशातून फोन काढला आणि टेम्पोवाल्याला सांगितलं की उद्या येऊ नका, न्यायला काही सामान नाही. तिकडून तो काहीतरी कुरकुरला असावा. दादा म्हणाला, "चूक माझीच झाली," आणि फोन ठेवला.

मी दुसरा रिमोट मांडीवर घेऊन तशीच बसले होते. पडद्यावर कंदीलवाला पहिल्याच खोलीत उभा होता, त्याला पुढे न्यायला कुणी नव्हतं. पडदा हळूहळू काळा होत गेला आणि तो मटकन खाली बसला. दादानं तिकडे वळूनही पाहिलं नाही. तो टीव्हीकडे पाठ करून बसला होता, आईकडे तोंड करून, आणि ती कशी शिवते ते बघत होता. साडेसहाला कोट पुरा झाला. आजोबांकडे तो दादाच देऊन आला.